आईच्या हातचा बिल्ला

शैलजाने चिठ्ठी चारदा दुमडली आणि बीजगणिताच्या पुस्तकात सारली.

"मावशी आली की लगेच देजो बरं," इंदू दारातूनच म्हणाली. "उद्या सकाळी दहा वाजता. बाबांची शिफ्ट सुटायची वेळ झाली, मले स्वयंपाक करायचा आहे. नाहीतर थांबली असती."

"देते ना. काहून इतकं सांगून राहिली?"

इंदू दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती वळणाआड जाईपर्यंत शैलजा दारात उभी होती आणि मग तिने पुस्तक थेट फळीवर, सगळ्या पुस्तकांच्या खाली ठेवून दिलं.

त्यांच्या हिंदी शाळेच्या मेधावी परिषदेत दरवर्षी प्रत्येक वर्गातून एकच मुलगी घेत. निळा बिल्ला, प्रार्थनेला पहिली रांग, हॉलमधल्या पाटीवर नाव. बिल्ला लावायला पाहुणे-बिहुणे नसत. तो मुलीच्या आईने लावायचा, अशी मोठ्या बहनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पाडलेली रीत होती. यंदा अकरावीतून इंदू आली आणि शैलजा सहा गुणांनी मागे राहिली. इंदूची आई चार वर्षांपूर्वी गेली होती. तेव्हापासून तिचं दुखलं-खुपलं शैलजाच्या आईने, लीलाबाईंनीच पाहिलं होतं. म्हणून बिल्ला लावायला बोलावणारी चिठ्ठी त्यांच्या नावाने.

शैलजाच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. बिल्ला तर बिल्ला, आता हिला आईही माझीच पाहिजे? माझ्यासमोर माझी आई मंचावर चढणार, हिच्या छातीवर बिल्ला लावणार, आणि मी खाली बसून टाळ्या वाजवायच्या?

लीलाबाई रांझीला बारशाला गेल्या होत्या, त्या दिवेलागणीला आल्या. शैलजाने त्यांना चहा दिला, बाळाचं नाव काय ठेवलं ते विचारलं. चिठ्ठीचं नाव काढलं नाही.

सकाळी ती मुद्दाम लवकर इंदूकडे गेली.

"आईले ताप आहे. रात्रीपासून."

इंदूचा चेहरा उतरला. "मी पाहून येते."

"झोपली आहे आत्ताच. चल, उशीर होईल."

हॉल भरला होता. इंदूचे बाबा मागच्या रांगेत बसले होते. नववीच्या मुलीची आई आली, दहावीच्या मुलीची आली. मग इंदू वर गेली आणि एकटीच उभी राहिली. शैलजाला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला थंडगार वाटेल. तसं काही वाटेना.

"इंदू, माँ की जगह कौन आया है?" मोठ्या बहनजींनी विचारलं.

"मौसी को बुखार है, बहनजी." इंदूने खाली पाहिलं, रांगेत शैलजाला शोधून काढलं. "उनकी शैलजा आई है ना. वही लगा देगी. घर तो एक ही है."

मागच्या मुलींनी शैलजाला ढकललंच. ती मंचावर कशी पोचली ते तिचं तिला कळलं नाही. बिल्ला वाटला होता त्यापेक्षा हातात हलका लागला. पिन दोनदा निसटली.

"हळू," इंदू कुजबुजली. "मावशीले सांगू, तू किती घाबरली होती ते."

टाळ्या वाजल्या. शैलजाला धड जळताही येईना.

परतताना इंदूने खव्याची जलेबी घेतली. शैलजाने वाटेत तीनदा सांगून पाहिलं, आई झोपली असेल, संध्याकाळी ये. पण इंदू ऐकणारी नव्हती.

लीलाबाई शेगडीपुढे बसून पोळ्या लाटत होत्या.

"मावशी, उठली काहून तू? ताप उतरला?"

लाटणं थांबलं. लीलाबाईंनी इंदूच्या अंगावरचा निळा बिल्ला पाहिला. त्यांना त्याची रीत ठाऊक होती. सगळ्या कांचघर वस्तीत कोणाला ठाऊक नव्हती? मग त्यांनी शैलजाकडे पाहिलं. शैलजा उंबऱ्यातच उभी होती, चपला न काढता.

"उतरला बाई," लीलाबाई म्हणाल्या. "सकाळी लय होता."

इंदूने त्यांच्या कपाळाला हात लावला. "खोटं नको बोलू. भट्टीवाणी तापलं आहे अंग." शेगडीपुढे बसल्यावर कोणाचं तापत नाही? "ऊठ, पड थोडी. बाकीच्या पोळ्या मी करते."

दिवसाउजेडी अंग टाकलेलं लीलाबाईंना कोणी पाहिलं नव्हतं. त्या निमूट उठल्या. हात धुतले, इंदूचा चेहरा दोन्ही हातांत धरून क्षणभर पाहिला आणि कोपऱ्यात सतरंजी टाकून आडव्या झाल्या. असल्या उकाड्यात त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

इंदूने ओढणी कमरेला खोचली आणि लाटायला बसली. तिचे बाबा खालून पाहत होते, ते रडलेसुद्धा, असं काहीबाही सांगत होती.

शैलजा पेला भरून सतरंजीपाशी गेली.

"आई, पाणी."

लीलाबाई वळल्या नाहीत.

"तापात पाणी कडू लागते," त्या म्हणाल्या. "तू जाय. तिले गरम वाढ."