डावी सपात

सैकल नावाच्या बाईच्या दुकानाला सगळे मिळून वीस शेरे होते, आणि विसावा एका ताऱ्याचा होता.

"डावी सपात मोठी, उजवी लहान. डावीच्या तळाला बोट लावलं तर बोट पलीकडे निघालं. दोन्हींना मेंढीचा वास. एक तारा." खाली नाव होतं निनेल आर्काद्येव्ना, शहर बिश्केक. शिवी नाही, आरडाओरडा नाही. शिव्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या देणाऱ्याचं लोक फारसं मनावर घेत नाहीत.

दुकान म्हणजे तरी काय? कोचकोर गावातल्या घराची मागची खोली, दोन लाकडी साचे, गरम पाण्याचं घमेलं आणि एक फोन. त्या फोनवरच्या बाजारात सैकल नमद्याच्या, म्हणजे मळून घट्ट केलेल्या लोकरीच्या, सपाता विकायची. बाजाराचा नियम सोपा होता. महिनाअखेरीला सरासरी चार तारे असले तर दुकान राहणार, चाराच्या खाली गेली तर बंद. या बाईच्या शेऱ्यानं ती तीन पूर्णांक नऊवर आली होती. महिना संपायला चार दिवस होते.

सैकलचा नवरा कुबान चार वर्षं मॉस्कोत होता. त्याचं म्हणणं साधं होतं: "दुकान चाललं तर उत्तम. नाही चाललं तर नव्या वर्षाला इकडं ये. कार्यालयं पुसायची कामं भरपूर आहेत. पोरगी राहील आईकडं." पोरगी म्हणजे बेगिमाय, सहा वर्षांची. बाप गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि आता त्याला 'फोनमधला माणूस' म्हणायची. सैकलला फोनमधली बाई व्हायचं नव्हतं. एवढ्याचसाठी ती सकाळपासून लोकर मळायची.

आता खरी गोष्ट अशी, की उजवी सपात सैकल करायची आणि डावी तिची सासू. हा सासूचाच कायदा. जोडी दोघींच्या हातची असावी म्हणजे घर एक राहतं, असं ती म्हणायची आणि तिच्यापुढं दुसरं कुणी काही म्हणायचं नाही. एकेकाळी एनेच्या, म्हणजे सासूच्या, हातच्या नमद्यातून पाणीसुद्धा गळत नव्हतं, गाव अजून सांगतं. पण गेल्या वसंतापासून तिच्या डोळ्यांत दुधासारखी साय धरली होती आणि अंगठ्यांतला जोर गेला होता. लोकर कुठं जाड, कुठं विरळ राहायची. हे तिला सांगणार कोण? सैकल त्या घरात नांदायला येऊन नऊ वर्षं झाली, रिवाजाप्रमाणं तिनं सासूचं नावसुद्धा कधी तोंडातून काढलं नव्हतं. ती काय सांगणार, की तुमचे हात गेले म्हणून? आपलेच दात, आपलेच ओठ. दुपारी एनेचा डोळा लागला की सैकल गुपचूप डाव्या सपाता पुन्हा भिजवायची, लोकर घालून पुन्हा मळायची. या महिन्यात मागणी वाढली आणि एक जोड तशीच निसटली.

सैकलनं आधी रीतसर उत्तर टाकलं: आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. दोन दिवस गेले, पलीकडून काही नाही.

"चहा थंड झाला तुझा," एने म्हणाली. "काय वाचतेस एवढं?"

सैकलला वाचून दाखवावं लागलं. 'डावी' हा शब्द तिनं दोन्ही वेळा गिळला.

"लहानमोठ्या आहेत म्हणते, एने. आणि वास येतो म्हणते."

"मेंढीच्या लोकरीला मेंढीचा वास येणार नाही तर काय गाजराचा येणार?" एने कडाडली. मग म्हणाली, "पण लहानमोठ्या म्हणजे चूकच. माप चुकलं असणार तुझं. लक्ष कुठं असतं तुझं, केलिन?" तिकडं सुनेला केलिन म्हणतात.

"चुकलं असेल, एने."

"मग? काय केलंस?"

"माफी लिहिली."

"लिहिली!" एनेनं चहाची वाटी खाली ठेवली. "एक घर आपल्यावर रागावून बसलंय आणि ही अंगठ्यानं माफी मागते! कुबाननं तुला पळवून आणलं तेव्हा तुझ्या बापाला आम्ही चिठ्ठी पाठवली होती का? दोन मेंढे आणि एक घोडा घेऊन गेलो होतो. तेव्हा कुठं त्याचा राग बसला."

"ते लग्न होतं, एने. हे सपातांचं आहे."

"म्हणून तर एकच मेंढा नेऊ."

याला तिकडं 'अचू बसर' म्हणतात, राग बसवणं. एक वडीलधारा माणूस, एक जनावर, आणि ज्याची चूक त्यानं समोर जाऊन मान खाली घालायची. पार्सलवर पत्ता होताच. दुसऱ्या दिवशी पहाटे एनेनं भाड्याची गाडी ठरवली, पुढच्या सीटवर गावातले सर्वांत जुने अक्सकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचे वडीलधारे, तुर्दुबेक बसले, मागे सासूसून, आणि डिकीत मेंढा. बेगिमाय शेजाऱ्यांकडं राहिली.

सैकलनं तोंडातून ब्र काढला नाही. बाजाराचा आणखी एक नियम तिला पाठ होता: गिऱ्हाईकाच्या घरी जाणाऱ्याचं दुकान तिथल्या तिथं बंद. त्या बाईनं नुसतं एक बटण दाबायचा अवकाश. हे तिनं वाटेत बूमच्या घाटात एकदा हळूच सांगून पाहिलं.

"कुणी केला हा नियम?" अक्सकालांनी विचारलं.

"माहीत नाही. बाजारवाल्यांनी."

"त्यांना आईबाप नसतील," अक्सकाल म्हणाले आणि डुलकी काढू लागले.

निनेल आर्काद्येव्ना पाचव्या मजल्यावर राहायची. त्या जुन्या इमारतींना लिफ्ट नसते. अक्सकाल दर मजल्यावर थांबायचे आणि थांबलो कशाला हे कळू नये म्हणून त्या मजल्याला आशीर्वाद द्यायचे. मेंढ्याला काही त्रास झाला नाही, डोंगरातलाच होता.

दार साखळीपुरतं उघडलं. आत सत्तरीची, सरळ पाठीची, चष्म्याची बाई. तिनं आधी दाढी पाहिली, मग मेंढा पाहिला.

"मी मांस मागवलेलं नाही," ती म्हणाली.

"आम्ही तुमच्या रागासाठी आलोय, बाईसाहेब," अक्सकाल म्हणाले.

"कुठल्या रागासाठी?"

"एक तारा दिलात तो," एने पुढं झाली. "सपाता आमच्या घरच्या. चूक झाली. घरात घ्या, नाही तर इथंच जिन्यात माफी मागतो."

निनेल आर्काद्येव्नानं साखळी काढली. तिच्या उजव्या पायात सैकलची सपात होती आणि डाव्या पायात रबरी चप्पल.

मेंढा बोळकांडीत कोटांच्या खुंटीला बांधला. चहा आला, रासबेरीचा मुरंबा आला. माणसं घरात आल्यावर चहा करायचा एवढं त्या बाईलाही ठाऊक होतं, रागावलेली असो नसो.

"एक गोष्ट स्पष्ट करते," ती म्हणाली. "तो राग नव्हता. ते गुण होते. मी सदतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. रागावून कधी कुणाला गुण दिले नाहीत."

"राग नव्हता?" एनेला हे पटेना. "मग एकच का दिलात?"

"तेवढेच पडत होते."

अक्सकालांनी एनेकडं पाहिलं. राग नसला तर बसवायचं काय, हा प्रश्न त्यांना ऐंशी वर्षांत पडला नव्हता. एनेनं सुनेला कोपरानं ढोसलं.

"केलिन, ऊठ. मान खाली घाल. माग माफी."

सैकल उठली. मान खाली घातली. "चूक माझी आहे," ती म्हणाली.

"कुठली?" निनेल आर्काद्येव्नानं विचारलं.

"सपातांची."

"कुठल्या सपातेची?"

"दोन्ही."

"उजवीत काहीच चूक नाही. उजवी मी रोज घालते, दिसत नाही का? उजवी इतकी चांगली आहे म्हणून तर डावीचा वैताग." ती आत जाऊन डावी घेऊन आली आणि टेबलावर मुरंब्याशेजारी ठेवली. "ही कुणी केली?"

"मी."

"खोटं. मी जन्मभर वह्या तपासल्या, बाळ. एका हाताचं काम कुठलं आणि दोन हातांचं कुठलं, हे मला तू शिकवू नकोस. या दोन माणसांनी केल्यात. कुणाची आहे ही डावी?"

"माझीच आहे," सैकल म्हणाली. "मीच केली, घाईत केली. दुकान बंद करायचंय तर करा, पण ती माझीच आहे."

डावी हा शब्द एनेनं आज पहिल्यांदा ऐकला होता. तिनं टेबलावर हात फिरवून सपात शोधली आणि मांडीवर घेतली. टाच चाचपली. चवडा चाचपला. मग तळावर अंगठा टेकवला, आणि अंगठा पलीकडे निघाला. ती तशीच बसून राहिली, सपातेतून अंगठा बाहेर. अक्सकालांनी मुरंब्यात काहीतरी शोधायला घेतलं.

"ही माझी," एने म्हणाली.



"म्हणजे दोन विद्यार्थी होते," निनेल आर्काद्येव्ना म्हणाली. "आणि मी दोघांना मिळून एकीचे गुण दिले. ही माझी चूक." तिनं फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक अक्षर शोधत, पुटपुटत आपला शेरा बदलून लिहिला. "उजवी, पाच. डावी, एक. सरासरी तीन. वासाचे गुण कापत नाही, वारा लागला की वास जातो. झालं."

सैकलच्या खिशातला फोन थरथरला. तिनं पाहिलं. चार पूर्णांक शून्य. दुकान राहिलं होतं, बेगिमाय तिच्याजवळ राहणार होती, आणि तिला काडीचाही आनंद होईना. तिला एनेचं तोंड दिसत होतं.

"मेंढा मात्र घेऊन जा," निनेल आर्काद्येव्ना म्हणाली. "तो माझ्या कोटाचं बटण खातोय."

"आणलेला मेंढा परत जात नाही," अक्सकाल म्हणाले. "अपशकुन असतो."

"मला राग नाही, तर मी कसा घेऊ?"

मग एने उठली. भिंतीला धरत बोळकांडीत गेली आणि मेंढ्याला सोडून आत घेऊन आली.

"अक्सकाल, राग ज्याचा, मेंढा त्याचा. बरोबर ना?"

"बरोबर."

एनेनं सैकलचा हात चाचपून धरला. "किती डाव्या पुन्हा मळल्यास?"

"मोजल्या नाहीत, एने."

"मी झोपायचे तेव्हा?"

"हो."

"तरी म्हटलं, उठल्यावर घमेल्यातलं पाणी ऊन कसं असतं. मला वाटायचं ऊन खिडकीतून येतं." "तोंड नव्हतं तुला? सांगायचं होतंस."

"सुनेनं कसं सांगायचं?"

"तेही खरंय," एने म्हणाली. "मी सांगूच दिलं नसतं. उद्यापासून डावीही तूच कर. मी लोकर पिंजीन, त्याला डोळे लागत नाहीत." आणि तिनं मेंढ्याचा दोर सुनेच्या मुठीत दिला, आणि मान खाली घातली. सासूनं सुनेपुढं. अक्सकालांनी असलं काही पाहिलं नव्हतं, त्यांनी टोपी सारखी केली.

"एने, नको!" सैकल घाबरली. "मला कुठं राग आहे?"

"माझ्या अंगठ्यापायी पोर मागं टाकून मॉस्कोला फरशा पुसायला जायची पाळी आली होती तुझ्यावर. वर माझी चूक अंगावर घेऊन मान खाली घातलीस. आणि राग नाही? आम्ही मेंढ्याला काय शहर दाखवायला आणलंय? खरं बोल."

सैकलनं दोर सोडला नाही. तिनं एकदा एनेच्या हातांकडं पाहिलं, वाकड्या झालेल्या त्या दोन अंगठ्यांकडं.

"होता," ती म्हणाली. "फार होता, एने. दुपारी तुम्ही घोरत पडायच्या आणि मी तुमची सपात मळायची, तेव्हा इतका यायचा की दात खायची. मग तुमचे हात बघून रडायची. मग पुन्हा यायचा." आणि बोलता बोलता ती परक्या घरात, परक्या मुरंब्यासमोर, हमसून हमसून रडायला लागली. एने मान खाली घालून उभीच होती.

"बसला का राग?" अक्सकालांनी रीतीप्रमाणं विचारलं.

सैकलनं नाक पुसलं. "बसतोय."

"मग थांबू या," अक्सकाल म्हणाले, आणि निनेल आर्काद्येव्नानं सगळ्यांच्या वाट्यांत पुन्हा चहा ओतला.