आत कोण राहिलंय?

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. मासळी गोठवून ठेवतात त्या शीतगृहाचा. नवा होतो तेव्हा मालक माझ्यावर थाप मारून पाहुण्यांना सांगायचे, "हा एकदा लागला की वाराही आत शिरत नाही." मीही फुगून जायचो. पुढे माझी आतली कडी, बाहेरून कुलूप असलं तरी आतून मला उघडणारी, निखळली. "बघू पुढच्या महिन्यात," म्हणत सगळ्यांनी तिच्याकडे काणाडोळा केला. बाहेरून रंग मात्र वेळच्या वेळी दिला. हे मला कधीच पटलं नाही.

माझ्यापाशी दारवानकाका बसायचे. आत गेलेले हमाल बाहेर आले की नाही हे बघायचं आणि मग मला लावायचं, हे त्यांचं काम. दिवसभर नुसती ये-जा. एवढी माणसं एकेकटी कुणाच्या डोक्यात राहणार? म्हणून काकांनी त्यांच्या जुड्या बांधल्या होत्या. मामा-भाचे, दोघे साडू, तंबाखूवाली चौकडी. साडू चिडवायचे, "काका, आमचं भांडण झालं तर तुमचा हिशेब चुकेल हो." काका हसायचे. ते कधी चुकले नव्हते.

त्या दिवशी, सुट्टीच्या आदल्या दुपारी, दोन ट्रक एकदम लागले. फोन वाजत होता, मुकादम ओरडत होता, ड्रायव्हर खोक्यांचा आकडा विचारत होता. काकांनी आकडा सांगितला आणि माझ्याकडे वळून पुटपुटले, "मामा-भाचे आले. साडू आले. चौकडी आली." सगळ्या जुड्या पुऱ्या झाल्या. त्यांनी मला लावून कुलूप घातलं.

सकाळीच एक नवा हमाल कामाला लागला होता. तो मागच्या रांगेत खोकी रचत होता. बाकीच्यांना वाटलं, आधीच निघाला असेल.

तो धावत आला. त्यानं कडीची रिकामी जागा चाचपली, मग मला ठोकायला लागला. मला उघडायचं होतं हो. पण दरवाजाला आपलं आपण उघडता येत नाही. हळूहळू ठोकणं मंदावलं, मग थांबलं.

सुट्टीनंतर मला उघडलं, तेव्हा काका त्याच्या थंडगार देहाशेजारी बसले. पुढे त्याची बायको आली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "सगळे आठवले, मग हेच कसे नाही आठवले?"

"तो अजून कुणाबरोबर नव्हता, पोरी," काका म्हणाले.

"माझ्याबरोबर होते," ती म्हणाली.

आता मला नवी कडी बसवली आहे. काका कामावर येत नाहीत. मित्रांनो, लक्षात राहावं म्हणून माणसांच्या जुड्या खुशाल बांधा. पण दार लावण्याआधी आत डोकावून एक हाक मारा. कुठल्याच जुडीत नसलेलं माणूसही ओ देतं.