थंड शेक

"हलू नका. डोळा मिटा, पण आवळू नका."

सिस्टरने बर्फाचे खडे रुमालात बांधले आणि बुबुळावर भार न देता डोळ्याभोवती धरले. उभा जन्म तिने दवाखान्यात काढला होता. नवऱ्याला ती आता क्वचितच ओळखे, पण हात काही विसरले नव्हते.

"कुणी मारलं हो? डोळ्याचं पार वांगं करून ठेवलंय!"

तिचा नवरा, म्हातारा घड्याळजी, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागला. मारलं तिनेच होतं, सकाळी. दुपारी लेक यायची म्हणून तो मिशी कातरायला बसला. एक बाजू जास्त गेली, मग दुसरी, शेवटी वैतागून त्याने सगळीच उतरवली. मोरीतून बाहेर आला तर घरात परका माणूस शिरला म्हणून तिने हातातली टॉर्च हाणली. घटकाभरात ते विसरलीही.

लेकीने मागच्या खेपेलाच बजावलं होतं, "बाबा, पुन्हा काही झालं तर आईला संस्थेत ठेवायचं. मग मी तुमचं ऐकणार नाही."

"दुपारपर्यंत सूज उतरेल ना?" त्याने विचारलं.

"एवढी घाई? बोहल्यावर चढायचंय की काय?"

ती हसली. कितीतरी दिवसांनी. तोही हसला, आणि डोळा ठणकला.

लेक आली ती दारातच थबकली. "बाबा, हे काय?"

"कपाटाचं दार लागलं गं."

"दारबिर काही नाही," सिस्टर मध्येच म्हणाली. "सगळे दारच सांगतात. घरातल्या माणसाला पाठीशी घालतात. बाई, तुम्ही यांच्या कोण? मारणाऱ्याजवळ यांना ठेवू नका. आज डोळ्यावर निभावलं, उद्या जिवावर बेतेल."

लेकीने बापाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

मग लेक आत गेली आणि कपाटातून आईचे कपडे काढून बॅग भरू लागली. कुणीतरी गावाला निघालंय असं वाटून सिस्टरही मदतीला बसली. काठाला काठ जुळवून तिने नीट घड्या घातल्या.

"आज थंडच शेक," घड्या घालता घालता ती त्याला सांगत होती. "दोन दिवसांनी कोमट. दिसायला अंधूक झालं तर लगेच डॉक्टर. घरी आहे ना कुणी करायला?"

"बायको आहे," तो म्हणाला.

"मग काळजी नाही," म्हणत तिने बॅगेची चेन लावून दिली.