प्रगतिपुस्तकावरच्या बारा सह्या

खोटे दात करणं हा माझा धंदा आहे. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात, मी मेण, प्लास्टर आणि रंग घेऊन बसते आणि ज्याच्या त्याच्या तोंडाला शोभेल अशी कवळी करून देते. काम चोख असेल तर घरच्यांनाही पत्ता लागत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण समोरच्या वकिलाने कोर्टात ते अशा काही सुरात सांगितलं, जणू मी घरफोड्या करते.

माझी ताई गेली तेव्हा तिची लेक साडेतीन वर्षांची होती. झेपेल त्याच्या दुप्पट सामान उचलून घरभर चालायची, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणायचो. ताईचे दिवस झाल्यावर भाऊजी मला म्हणाले, "मला जरा सावरू दे, मग नेतो तिला." सावरायला त्यांना साडेसहा वर्षं लागली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्यांची नोकरी. अडकलेली माणसं तासाभरात बाहेर काढतात असं त्यांचं नाव आहे. पण चार तासांवर राहणाऱ्या स्वतःच्या मुलीला भेटायला त्यांना कधी सवड झाली नाही. मीच अधूनमधून फोन करायची. मुंगीला देते म्हटलं, की नेमकं त्यांचं काम निघायचं.

मुंगी पहिलीत असताना पहिलं प्रगतिपुस्तक घरी आलं. खाली पालकाची सही हवी होती. मी पेन उघडलं, तर तिने पुस्तक छातीशी धरलं.

"तुझी नको. पप्पांची. सगळ्यांच्या पप्पांनी केलीय."

मी भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, "तूच करून टाक की गं. कोण बघतंय?"

ताईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी भरलेला संमतीचा कागद माझ्या कपाटात होता. त्यावरची सही मी समोर ठेवली आणि दहा मिनिटांत उतरवली. दुसऱ्या दिवशी मुंगीला सांगितलं, "तू शाळेत होतीस तेव्हा पप्पा येऊन गेले. घाईत होते." पोरीचा चेहरा असा फुलला की मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं. माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडणार नाही.

मग सवयच झाली. दुसरीत मी सहीखाली 'शाब्बास' लिहिलं. तिसरीत 'गणितात लक्ष दे' असं लिहिलं आणि ती खरोखर सकाळी उठून गणितं सोडवायला लागली. मी तेच सांगून दमले होते, तेव्हा तिने ढिम्म लक्ष दिलं नव्हतं. चौथी संपेपर्यंत बारा सह्या झाल्या होत्या.

त्यानंतर भाऊजींनी दुसरं लग्न केलं, मोठं घर घेतलं आणि मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज केला. अर्जाला शाळेतून मिळवलेल्या त्या बारा सह्यांच्या प्रती जोडल्या होत्या. वडील दूर असूनही मुलीच्या शिक्षणावर सतत लक्ष ठेवून होते, असं त्यांच्या वकिलाने लिहिलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने त्या कागदांना हात लावला नव्हता, तो मूग गिळून समोर बसला होता.

कोर्टाने शनिवारच्या भेटी ठेवल्या. खेळणी मांडलेली एक खोली होती आणि कोपऱ्यात समुपदेशक बाई लिहीत बसायच्या. पहिल्याच भेटीत मुंगी बापाला म्हणाली, "मला आता गणितात नव्वद पडतात." भाऊजी नुसतं हसले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. समुपदेशक बाईंनी अहवालात लिहिलं, मुलीचा वडिलांवर गाढ विश्वास आहे.

माझ्या वकीलबाई म्हणाल्या, "खरं सांगून टाका. केस इथेच फिरेल."

मी आठवडाभर कुढत होते. खरं सांगितलं तर पोरीचा तो प्रगतिपुस्तक वाचणारा बाप नाहीसा होणार होता, आणि नाही सांगितलं तर पोरच जाणार होती. शेवटी मी माझा विचार केला. तिच्या भल्यासाठी केलं वगैरे मी म्हणणार नाही. मला ती घरात हवी होती.

मी कोर्टात खरं सांगितल्यावर न्यायाधीशांनी मला कोरा कागद दिला. मी बाराही सह्या तिथेच करून दाखवल्या. मग भाऊजींना सही करायला सांगितली, ती भलतीच निघाली. मधल्या वर्षांत त्यांची सही बदलली होती आणि ते मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही एकदा तरी शाळेत गेला होता?" भाऊजी म्हणाले, "कामात होतो, साहेब." वकीलबाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. मला वाटलं, जिंकलो.

मग न्यायाधीश म्हणाले, मुलगी दहा वर्षांची आहे, तिला काय हवं ते मी तिला एकटीला विचारीन. आणि तिला अंधारात ठेवून विचारणं बरोबर नाही, म्हणून समुपदेशक बाईंनी तिला आधी सगळं समजावून सांगितलं.

समुपदेशक बाईंच्या खोलीतून मुंगी बाहेर आली आणि बाकावर माझ्याशेजारी बसली. तिने पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली.

"गणितात लक्ष दे, ते पण तूच?"

"हो."

"आणि शाब्बास?"

"मीच गं. पण मला खरंच तसं वाटत होतं."

शिपायाने पुकारल्यावर ती उठून न्यायाधीशांकडे आत गेली. पंधरा मिनिटांनी बाहेर आली ती माझ्या बाकाकडे न येता थेट वकीलबाईंच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

निकाल आठ दिवसांनी लागला. वडिलांनी हेळसांड केली हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मावशीने प्रेमाने सांभाळलं हेही लिहिलं होतं. तरी मुलगी जाणती आहे, तिने विचारपूर्वक इच्छा सांगितली आहे आणि वडिलांचं घर सुस्थितीत आहे, म्हणून ताबा वडिलांकडे. मावशीला महिन्यातून दोन शनिवार.

बाहेरच्या व्हरांड्यात वकीलबाई तावातावाने म्हणाल्या, "अपील करू. तो माणूस कसा आहे हे कागदावर आलंय. एवढ्याशा पोरीचं एक वाक्य आपण सहज खोडून काढू."

मी त्यांच्या हातातून निकाल घेतला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. न्यायाधीशांनी मुंगीचे शब्द होते तसे उतरवले होते: 'मावशी माझ्याशी खोटं बोलली. पप्पा कधीच खोटं बोलले नाहीत.'

"नको," मी म्हणाले. "खरं आहे ते. साडेसहा वर्षं ते तिच्याशी बोललेच नाहीत."