पाणी सोडा, आजोबा!

घर अजून साखरझोपेत होतं आणि तेवढ्यात आवाज झाला, चर्रर्र. बॅगेची चेन. क्षणभर शांतता. मग उलट्या दिशेने पुन्हा चर्रर्र.

ओट्यापाशी उभ्या उभ्या चहा पिणाऱ्या आईने कपावरूनच विचारलं, "भिंगरे, सकाळपासून कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदाच. टॉवेल आहे का बघत होते."

"काल रात्री होता ना?"

"काल होता गं. पण आज?"

गेले आठ दिवस ती बॅग भरली जात होती, उपसली जात होती आणि पुन्हा भरली जात होती. उद्या सकाळी दहा वाजता उन्हाळी शिबिर सुरू व्हायचं होतं आणि सहा वर्षांची भिंगरी जन्मात पहिल्यांदा आईवाचून झोपणार होती. तीही एक नाही, चांगल्या तीन रात्री. लहान मुलांच्या खोलीतला खिडकीजवळचा पलंग तिने आधीच पटकावून ठेवला होता. अडचण एवढीच, की त्या खोलीचं छप्पर अजून पुरं झालं नव्हतं आणि ते पुरं करायचं काम तिच्या आईच्याच गळ्यात होतं.

आई छपरं घालणाऱ्याची लेक. बापाच्या मागे मागे शिडी चढत ती काम शिकली. भिंगरी झाल्यावर हातोडी खाली ठेवली ती तब्बल सहा वर्षं. शिबिराच्या बाईंनी विचारलं, "कॉलेजची सात मुलं फुकट राबायला तयार आहेत, पण त्यांना छप्पर म्हणजे काय ते दाखवणारं कुणी नाही. तुम्ही याल?" तेव्हा ती हो म्हणून बसली, आणि घरी येऊन आरशात स्वतःला म्हणाली, "डोकं फिरलंय का तुझं?"

पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. सातही जण हौशी, तिला ताई म्हणायचे. कुणी हातोडी उलटी धरली, कुणी पत्र्यावर बसून फोटो काढले. ताडमाड वाढलेला एक होता, त्याला सगळे लांबू म्हणायचे. एक जण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात होता आणि स्क्रू पिळण्याआधी त्याचं शास्त्र समजावून सांगायचा. आणि एक बडबडी. तिचा तोंडाचा पट्टा असा, की ती गप्प झाली की सगळे काम थांबवून वर बघायचे, पडली तर नाही ना म्हणून.

"ताई, पत्रा खालून वर का लावायचा? वरून खाली लावला तर पटकन होईल," इंजिनिअर म्हणाला.

"लाव की. मग वळीव आला की आत छत्री घेऊन झोप."

दहा दिवसांत मात्र पोरं तयार झाली. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खळग्यात नाही. रबरी वॉशर विसरायचं नाही. हातातलं काम अर्धवट टाकून खाली उतरायचं नाही. या शेवटच्या नियमावर ताई फार कडक. लांबूचा फोन वाजला म्हणून तो एकदा शिडी उतरला, तर तिने त्याला सगळ्यांसमोर असं झापलं, की पुढे त्याच्या आईचा फोन आला तरी तो वरूनच ओरडायचा, "आई, ताई मारेल!"

शिवाय आजोबांचे, म्हणजे ताईच्या वडिलांचे, दोन कायदे होते. गुडघे गेल्यामुळे त्यांना शिडी चढता येत नव्हती, पण ते रोज खुर्ची टाकून खाली बसायचे. पहिला कायदा : ज्यांनी छप्पर घातलं, त्यांनीच त्याच्याखाली आडवं व्हायचं आणि वरून पाणी सोडायचं. दुसरा : प्रत्येकाने आपल्या रांगेखालच्या वाशावर नाव लिहायचं, आणि ज्याच्या रांगेतून थेंब पडेल त्याने टोळीची आणि शिबिरासाठी काढलेली सगळी भांडी घासायची.

आज शेवटचा दिवस. दुपारी चारला शेवटचा पत्रा बसला. शिबिराच्या बाई वही छातीशी धरून दारात उभ्या राहिल्या.

"माझं स्पष्ट असतं हं," त्या म्हणाल्या. "एक थेंब जरी पडला तरी मी लहानांना इथे झोपवणार नाही. दुसरी खोली नाही माझ्याकडे. पाच वाजता तीस घरी फोन करीन, की मुलांना पाठवू नका."

भिंगरीने हे ऐकलं. तिची बॅग पाठीवरच होती. सकाळी आजोबांबरोबर येताना ती घरी ठेवायला तिने साफ नकार दिला होता. ती मुकाट्याने खिडकीजवळच्या पलंगावर जाऊन आडवी झाली, बॅगेसकट. तिच्या शेजारच्या पलंगांवर सात पोरं आणि ताई आडवी झाली.

"पाणी सोडा, आजोबा!" लांबू ओरडला. त्याचे पाय पलंगाबाहेर हातभर आले होते.

बाहेर आजोबांनी नळ सोडला आणि पाइपाची धार आढ्यावर धरली. पत्र्यावर असा काही ताशा वाजायला लागला, की बडबडीचंसुद्धा बोलणं ऐकू येईना. सगळ्यांचे डोळे वर. एक मिनिट. दोन. पाच. बाईंनी वही बगलेत मारली. इंजिनिअर हसायला लागला.

"आई," भिंगरी म्हणाली, "माझ्या नाकावर काहीतरी पडलं."

ताईने मान वळवली. पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब चमकत होता. ती बघत असतानाच दुसरा पडला.

पाणी बंद झालं. खिडकीवरच्या वाशावर खडूने लिहिलेलं नाव सगळ्यांनी एकदम वाचलं. बडबडी ताडकन उठून बसली आणि, काय आश्चर्य, तिला शब्दच सुचेनात.

"मी... मी प्रत्येक स्क्रू दोनदा बघितला होता, ताई. शपथ."

"चार वीस झालेत," बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण वही पुन्हा छातीशी गेली होती.

ताई तोवर शिडीवर होती. आढ्यापासून सहावी रांग. एक एक स्क्रू बोटाने चाचपत ती सरकत गेली. पक्का. पक्का. पक्का. आणि मग बोट भोकातच गेलं. स्क्रू ढिला नव्हता. स्क्रू नव्हताच.

ती भोकाकडे बघत राहिली आणि तिला आठवलं. सकाळी बडबडी पाणी प्यायला गेली होती, म्हणून तिच्या रांगेतलं हे एक भोक ताईनेच पाडलं होतं. इतक्यात खालून हाक आली होती, "आई, लवकर ये, माझा दात हलतोय!" आणि ती उतरली होती. दात बघितला, कौतुक केलं, एक पापा घेतला आणि पुन्हा चढली ती थेट पुढच्या रांगेवर.

तिने शर्टाच्या खिशात हात घातला. स्क्रू तिथेच होता, वॉशर घालून तयार.

वर दुसरं कुणी नव्हतं. पिळून टाकला असता तर कुणाला कळणारही नव्हतं. ढिला होता म्हटलं की झालं. पण खाली ती पोरगी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली होती. ताईने स्क्रू उंच धरला आणि शिबिरभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"अगं बडबडे, तुझं काही नाही! माझा आहे! दात बघायला उतरले, तेव्हापासून खिशात घेऊन फिरतेय!"

खाली मग जो काही हशा उसळला!

"ताई काम सोडून खाली उतरली होती!" लांबूने दोन्ही हात वर करून नाचायलाच सुरुवात केली. "ताईला आता कोण झापणार?"

"साठ ताटं आहेत, ताई," बडबडीचा पट्टा पुन्हा सुरू झाला, "आणि साठ वाट्या आणि ते काळं पातेलं, ते तर मी खास तुमच्यासाठी ठेवते, मी तर म्हणते आज सगळ्यांनी दोन दोन ताटं घ्या!"

स्क्रू बसला. पुन्हा सगळे आडवे, पुन्हा पाणी. यावेळी आजोबांनी धार दहा मिनिटं धरली, वर आणखी पाच. पाच वाजायला थोडी मिनिटं असताना बाई स्वतः खिडकीजवळच्या पलंगावर टेकल्या, चष्मा काढून वर बघितलं, गालाला हात लावला. कोरडा. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "उद्या दहाला. उशीर करू नका." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. इंजिनिअरने तर बाईंनाच मिठी मारली आणि मग स्वतःच लाजला.

आजोबा पाइप गुंडाळत होते. ताई त्यांच्याजवळ गेली, मान खाली घालून.

"बाबा, इतकी वर्षं शिकवलंत आणि मी भोक उघडं ठेवलं."

"तू झालीस ना, त्या दिवशी निरोप आला तेव्हा मी एका दुकानाच्या छपरावर होतो," आजोबा म्हणाले. "तसाच पळालो. शिडीपण खांद्यावर घेऊन. दुकानदार वर अडकला, संध्याकाळपर्यंत."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत!"

"सांगितलं असतं तर माझं कोणी ऐकलं असतं? जा, भांडी घास."

नळाखाली ताटांचा डोंगर होता. ताईने बाह्या सरसावल्या. नियमात बसत नव्हतं तरी बडबडी विसळायला बसली, लांबू पुसायला, आणि इंजिनिअर ताटं कशी रचली म्हणजे लवकर वाळतात ते सांगायला. भिंगरी उलट्या बादलीवर बसून जिभेने दात हलवत होती. बॅग आता मांडीवर होती.

तिने चेन उघडली, टॉवेल बघितला, चेन लावली. मग थोडा वेळ ती नव्या छपराकडे बघत राहिली. त्यावरचं पाणी वाळत आलं होतं.

"आई, आज थेंब पडला तेव्हा तू माझ्या शेजारीच होतीस."

"हो गं राणी."

"मग उद्या मी इथे झोपले आणि माझ्या नाकावर काही पडलं, तर तुला घरी कसं कळेल?"

ताईने हातातलं ताट खाली ठेवलं, नळ बंद केला आणि लेकीच्या बादलीशेजारी येऊन बसली.