खरवडलेलं आडनाव

चर्चच्या कचेरीत आना छतावर बसलेली असायची, डोकं खाली, पाय वर. वय सात वर्षं, जन्म दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा. तिच्या आईचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून तेव्हाच्या पाद्र्याने बाप्तिस्म्याच्या वहीत तिची नोंद उलटी लिहिली, आणि बापाचं आडनाव चाकूने खरवडून टाकलं. ते कुणी वाचलं आणि आताच्या पाद्र्याने मान्य केलं की आना खाली उतरणार होती.

वाचायचं होतं चारुशीलेने. तिला आठवा महिना लागलेला. उवेबरोबर ती जर्मनीतल्या त्या खेड्यात संसार करत होती, लग्न तेवढं राहून गेलं होतं. उवेची आई गेर्लिंडे म्हणाली, "पुण्यात मोडी शिकलीस ना? मग आमची जुनी अक्षरं कसली अवघड! आना आमच्याच रक्ताची. तिच्या बापाचं घराणं कळल्याशिवाय बाळाचं नाव वहीत चढायचं नाही."

घ्या! मोडी येते म्हणून जगातल्या सगळ्या किचकट अक्षरांचा मक्ता काय चारुशीलेने घेतला होता?

बरं, वही फिरवून वाचावं तर खोलीच फिरायची. टेबल, कॉफी, गेर्लिंडे, सगळं छतावर. पोटातलं बाळही गरकन फिरायचं. शेवटी तिने वही जागच्या जागी ठेवली आणि स्वतःच वाकडी झाली.

"दिसलं का?" आनाने वरून विचारलं.

"गप्प बस गं! माझ्या मानेचा काटा ढिला झालाय."

खिडकीच्या उजेडात पान तिरकं धरलं आणि खरवडलेली अक्षरं वर आली. ब्रेख्टेल. दारावरच्या पाटीवरही तेच होतं. या चर्चचं पाद्रीपण पिढ्यान्‌पिढ्या ब्रेख्टेलांकडेच होतं.

पाद्री ब्रेख्टेल पानावर वाकले. "असं नाव इथे नाही."

छत वीतभर खाली आलं.

"अहो, धडधडीत दिसतंय!"

"पुन्हा वाचा."

तिने पुन्हा वाचलं. छत आणखी उतरलं. आनाचे केस आता टेबलाला लागत होते.

"पुन्हा वाच, बाई," गेर्लिंडे खिडकीबाहेर बघत म्हणाली.

चारुशीलेचं डोकंच फिरलं. "झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही! खड्ड्यात गेलं तुमचं आडनाव. माझ्या बाळाचं नावच नको मला या वहीत."

"ते तुमच्या हातात नाही," पाद्री शांतपणे म्हणाले. त्यांनी कोरं पान काढलं. "आईबापांचं लग्न?"

"झालेलं नाही," गेर्लिंडेने सांगून टाकलं.

पाद्र्यांनी टाक दौतीत बुडवला, वही उलटी केली आणि लिहायला लागले.

चारुशीलेने टेबलाची कड घट्ट धरली. पाठीवरची वेणी उठली आणि सरळ वर गेली. मग चपला सुटल्या.

आनाने वेणीचं टोक धरलं आणि छतावर जरा बाजूला सरकून दोघांपुरती जागा केली.