बिनवासाच्या गोळीला लावलेले अत्तर

भाद्रपदाच्या कोवळ्या उन्हात राखेने घासलेले, निथळणारे दोन हात, गयाकाकू मला आधी अशीच आठवते. शेजारच्या रानातली ही माझी चुलती कपाशीत कामगंध सापळे लावण्याआधी हात घासायची, हुंगायची, पुन्हा घासायची. कांद्याचा, धुराचा, अवघ्या संसाराचा गंध बोटांवरून उतरला की मादी पतंगाच्या गंधाची चिमुकली गोळी, एखादे मौन हाताळावे तशी, सापळ्यात अडकवायची. त्या गंधाला भुलून बोंडअळीचे नर पतंग पिशवीत पडत आणि सकाळी काकू ते मोजी. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ किंवा जास्त भरले, तरच फवारणी. गेल्या साली फवारतानाच काका सरीत कोसळले होते. तेव्हापासून तिच्या रानात पंपाचा आवाज नव्हता.

काकांना घेऊन ती बीडच्या दवाखान्यात गेली आणि सापळे माझ्याकडे आले. मी पडलो शिकलेला. नवी गोळी हुंगली, तर वासच नाही. तो गंध माणसाच्या नाकाला येतच नाही, हे मला कुठे ठाऊक! दुकानदाराने गंडवले, असे ठरवून मी केजच्या बाजारातून गुलाबाचे अत्तर आणले आणि प्रत्येक गोळीला, देवाला लावावे तसे, भक्तिभावाने लावले.

रोज सकाळी तिचा फोन यायचा.

"किती रे, दत्तू?"

"एकबी न्हाई, काकू. बिनघोर राहा तुमी."

पलीकडून सुटलेला निःश्वास ऐकून मी स्वतःवरच प्रसन्न होत असे.

आठव्या दिवशी ती रान बघायला एकटीच आली. रिकामी पिशवी तिने निरखली, गोळी नाकाशी नेली. मग न उमललेले एक फूल बोटांनी उकलले. आत अळी वळवळत होती.

"हे कुणाच्या लग्नाचं अत्तर?"

मी सांगितले. ती हसेल, असे मला वाटले होते.

"असं कावून केलंस, बाबा? आता काका पडले त्याच सरीत पंप घेऊन मी जाऊ व्हय?"

दिवसभर आम्ही किडकी फुले खुडली. गोळ्या बदलल्या; या खेपेला तिने माझे हात स्वतः घासले, कातडी सोलवटेपर्यंत. फवारायची वेळ आलीच तर म्हणून धुतलेला पंप बांधावर ठेवला होता. पहिल्या सकाळी अकरा. दुसऱ्या सकाळी नऊ. तिसऱ्या सकाळी तिची बोटे पिशवीत इतकी संथ फिरत होती, की माझे लक्ष पतंगांवर नव्हतेच, पंपाच्या पट्ट्यावर होते.

"सहा," ती म्हणाली आणि पंप उचलून परत घरात नेऊन ठेवला.

आता काकांना घेऊन ती लेकीकडे परळीला असते. रान माझ्याकडे आहे आणि रोजचा फोन मात्र चुकत नाही. सापळा लावण्याआधी मी राखेने हात घासतो, हुंगतो. पतंग जिच्या ओढीने येतो, ती तिथे कधीच नसते. तरी तो येतो. माझ्या बोटांना कशाचाच वास येईनासा होतो, नेमकी तेव्हाच परळीतली काकू मला बांधावर उभी दिसते.